किंमत आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर घ्यायचंय, कुठलं घ्यावं? सोलापूरहून ऑनलाइन विक्री

अक्कलकोट_रोड

नमस्कार मंडळी,

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे टॉवेल-नॅपकिनचे माग आहेत. सासऱ्यांच्या काळापासून सगळा माल ठोक व्यापाऱ्यांकडे जायचा. गेली काही वर्षं मी आणि माझी नणंद त्यातला थोडा माल आमच्या स्वतःच्या ब्रँडखाली अमेझॉन, फ्लिपकार्ट आणि मीशोवर विकतो. चादरी ओळखीच्या कारखानदारांकडून घेतो. जोडीला शाळेचं सामान आहे. नावाजलेल्या कंपन्यांच्या कंपासपेट्या, रंगपेट्या, पाण्याच्या बाटल्या होलसेलमध्ये उचलायच्या आणि अमेझॉनवर लावायच्या.

अडचण या शाळेच्या सामानाची आहे. एकाच कंपासपेटीच्या पानावर दहा-बारा विक्रेते असतात. संध्याकाळी आम्ही किंमत लावून झोपतो आणि सकाळी कुणीतरी दोन रुपये खाली गेलेलं असतं. आम्ही खाली येतो, तर दुपारपर्यंत तो आणखी एक रुपया खाली. नणंद दिवसभर फोन हातात धरून हेच करत बसते. जूनच्या तोंडावर तर जेवायची फुरसत नसते.

आता रिप्राइसर, म्हणजे किंमत आपोआप बदलणारं सॉफ्टवेअर, विकणाऱ्या कंपन्यांचे फोन यायला लागलेत. एक म्हणतो नियम लावा, दुसरा म्हणतो आमचं एआय स्वतः शिकतं. पैसे डॉलरमध्ये, दर महिन्याला. कुणी वापरलंय का? आमच्या आकाराच्या धंद्याला परवडेल का? आणि टॉवेल-चादरींनाही लावावं का?

जोडभावी_पेठ

ताई, खिशात हात घालण्याआधी अमेझॉनच्या सेलर सेंट्रलमधलं (विक्रेत्यांच्या पॅनलमधलं) ऑटोमेट प्रायसिंग बघा. फुकट आहे. नियम निवडायचा, किमान किंमत टाकायची, कुठल्या मालाला लावायचं ते सांगायचं. कंपासपेटीला एवढं पुष्कळ झालं.

पुस्तकांचा_गठ्ठा

मूळ बार्शीचा, आता पुण्यात. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं विकतो, म्हणजे तुमच्या कंपासपेटीसारखाच प्रकार. एका पुस्तकाच्या पानावर पंधरा जण.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैसे वाचतील. रिप्राइसर बघतो ते त्याच लिस्टिंगवरच्या दुसऱ्या विक्रेत्यांकडे. तुमच्या ब्रँडच्या टॉवेलच्या पानावर विक्रेत्या तुम्ही एकट्याच. मग तो बघणार कुणाकडे? तिथे स्पर्धा शेजारच्या पानावरच्या टॉवेलशी आहे. ती फोटो, रेटिंग, वजन, जाडी यांवर चालते आणि हे सॉफ्टवेअरला कळत नाही. तेव्हा टॉवेल-चादरी यातून बाहेर काढा. बऱ्याच कंपन्या किती वस्तू जोडल्या त्यावर पैसे घेतात, म्हणून ते मुद्दाम सगळाच माल जोडायला सांगतात.

शाळेच्या सामानाला मात्र उपयोग आहे, आणि तो लोकांना वाटतो त्याच्या उलट बाजूने जास्त. किंमत खाली आणायला माणूस रात्री बाराला पण उठतो. समोरच्याचा माल संपला की किंमत परत वर न्यायची असते, ते मात्र राहून जातं. चार दिवस आपण एकटेच पानावर असतो आणि भाव तोच पडलेला. सॉफ्टवेअर तेव्हा पायरीपायरीने वर चढतं. माझ्याकडे पैसा त्या चढण्यातून आला.

आणखी एक. बाय बॉक्स, म्हणजे ज्याच्या नावावर ‘कार्टमध्ये टाका’चं बटण लागतं तो मान, फक्त स्वस्तात मिळत नाही. माल कुठून किती लवकर पोचतो, स्टॉक आहे का, ऑर्डरी रद्द होतात का, हे सगळं धरतात. अमेझॉनच्या गोदामात माल ठेवणाऱ्याला दोन-पाच रुपये महाग असूनही तो मिळताना मी रोज बघतो. म्हणून ‘सर्वात कमी किमतीच्या एक रुपया खाली’ हा नियम कधीच लावू नका. बाय बॉक्सच्या किमतीला धरून राहा.

माग_आणि_माणूस

ताई, मनापासून बोलालोय, राग मानू नका. हे सॉफ्टवेअर म्हणजे भाव पाडायचं यंत्र हाय. आज कंपासपेटीला लावाल, उद्या कुणीतरी चादरीला लावेल. सोलापुरी चादरीला आन् टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी आपलं नाव लावून दुसरीकडचा हलका माल ऑनलाइन विकालेत. त्यांच्याशी एकेक रुपयाने भांडत खाली गेलो तर तो रुपया शेवटी कुणाच्या खिशातून जातो? मागावर उभा राहणाऱ्याच्या. माझं सगळं घर पूर्व भागात मागावरच जगलंय. कांडीवाली, धोटा बघणारा, शिवणारी, या सगळ्यांच्या मजुरीवर शेवटी कात्री बसती. यंत्राला त्यातलं काय कळतंय?

हिशोबनीस_सातरस्ता

दादा, तुमची काळजी खरी आहे आणि म्हणूनच मी उलट बाजूने लिहितो. यंत्राला मजुरी कळत नाही, ती आपण त्याला सांगायची असते. सांगायची जागा म्हणजे किमान किंमतीचा रकाना. मजुरी पूर्ण धरून पडतळ, म्हणजे सगळा खर्च धरून माल कितीला पडतो ते, काढली आणि तिथे खुंटी ठोकली, तर सॉफ्टवेअर तिच्या खाली एक पैसा जात नाही. हाताने किंमत बदलणारा माणूस मात्र सणाच्या गर्दीत घाबरून खाली जातो. मी बऱ्याच छोट्या विक्रेत्यांचे हिशोब बघतो. भाव पडतात तिथे बहुतेक ठिकाणी पडतळच काढलेली नसते.

ताई, कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी प्रत्येक वस्तूची खरी पडतळ काढा. उदाहरणाला एक टॉवेल घेऊ, सगळे आकडे समजा म्हणून:

मागावरून तयार माल २१०, पॅकिंग १४, पाठवणावळ ७०, पोर्टलचं दर ऑर्डरमागचं क्लोजिंग शुल्क २०. आता रिटर्न. १० पाठवले, २ परत आले. त्या प्रत्येकाचं जाण्याचं ७०, येण्याचं ६०, पुन्हा पॅक करायचं २०, म्हणजे १५०. दोघांचे ३००. हा खर्च राहिलेल्या ८ विक्रींनी उचलायचा, म्हणजे नगामागे साधारण ३८. एकूण झाले ३५२.

यापुढे टक्क्यातले खर्च येतात. रेफरल शुल्क, म्हणजे पोर्टलचं कमिशन, समजा ९ टक्के, आणि किमतीतच धरलेला ५ टक्के जीएसटी, जो विक्री किमतीच्या ४.७६ टक्के होतो. हे दोन्ही किमतीबरोबर हलतात, म्हणून नुसते मिळवून चालत नाही, भागाकार करावा लागतो. ३५२ भागिले ०.८६२४. उत्तर ४०८. या किमतीला नफा शून्य. जाहिरातीचे नगामागे २५ धरले की ४३७. घरात ३० रुपये यावेत असं असेल तर ४७२.

बहुतेक जण रिटर्न आणि जाहिरात सोडून हिशोब करतात आणि ३६५ ला फायदा आहे असं समजतात. अशा किमान किंमतीवर सॉफ्टवेअर सोडलं तर ते दिवसभर इमानेइतबारे तोटा विकत बसेल.

शुल्कावरच्या १८ टक्के जीएसटीचं क्रेडिट मिळतं म्हणून तो धरला नाही. पोर्टल विक्रीतून कापून घेतं तो जीएसटीचा टीसीएस ०.५ टक्के आणि आयकराचा टीडीएस ०.१ टक्का आहे. ते परत मिळतात, खर्चात धरू नका, पण तेवढी रक्कम अडकते हे लक्षात असू द्या.

नवी_पेठ_निवासी

हिशोबनीस साहेब, हा प्रतिसाद छापून दुकानात लावणार आहे.

माग_आणि_माणूस

मजुरी पूर्ण धरून खुंटी ठोकायची, हे पटलं. पण मजुरी वाढली की खुंटी पण वर सरकवली पायजे. ते कोण करालंय?

हिशोबनीस_सातरस्ता

अगदी बरोबर मुद्दा. सुताचा भाव, मजुरी किंवा पोर्टलचे दर बदलले की तक्ता बदलायचा आणि तोच तक्ता सॉफ्टवेअरमध्ये चढवायचा. घेताना विचारूनच घ्या, किमान किंमती एक्सेल फाइलने एकगठ्ठा चढवता येतात का. एकेक वस्तू उघडून बदलायची असेल तर ते काम कुणीच करत नाही.

संगणक_शिक्षक

खुंटी वरच्या बाजूलाही लागते, यावर एक जुनी गोष्ट. २०११ साली अमेरिकेत अमेझॉनवर माश्यांच्या जीवशास्त्रावरच्या एका पुस्तकाची किंमत २ कोटी ३६ लाख डॉलरच्या वर गेली होती. मायकेल आयझेन नावाच्या बर्कलीच्या शास्त्रज्ञाने ती रोज टिपून ठेवली. दोनच विक्रेते होते. एकाचं सॉफ्टवेअर समोरच्याच्या किमतीच्या ०.९९८३ पट लावायचं आणि दुसऱ्याचं पहिल्याच्या १.२७०५८९ पट. दोघे एकमेकांकडे बघून रोज वर चढत राहिले, कमाल किंमत कुणीच टाकलेली नव्हती.

उलटही झालंय. २०१४ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये एका रिप्राइसिंग सॉफ्टवेअरच्या बिघाडाने अनेक छोट्या विक्रेत्यांचा माल तासभर एका पेनीला विकला गेला. म्हणून किमान किंमत दोन ठिकाणी टाका, सॉफ्टवेअरमध्ये आणि सेलर सेंट्रलमध्येही. सॉफ्टवेअर चुकलं तर अमेझॉन संशयास्पद किंमत म्हणून ती लिस्टिंग थांबवतं. विक्री थांबलेली परवडते.

आपल्याकडे कमाल किंमतीला एक कायदेशीर खुंटी आहेच. पाकिटावर छापलेल्या एमआरपीच्या वर विकता येत नाही. परदेशी सॉफ्टवेअरला एमआरपी हा प्रकार ठाऊक असेलच असं नाही, ती तुम्हालाच भरावी लागते.

चाटी_गल्ली

कमाल किंमतीवरून आठवलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कापडी वस्तूंना नगामागे २५०० रुपयांपर्यंत ५ टक्के जीएसटी आणि त्यावर १८ टक्के आहे. हे २५०० कर सोडून. आमच्याकडे भारी बेडशीटचे सेट असतात. कर धरून २६२५ ला विकला तर हातात २५०० येतात. सॉफ्टवेअरने वर नेत नेत २९५० केला तर कर १८ टक्के लागतो आणि हातात तेच २५००. गिऱ्हाईकाने ३२५ रुपये जास्त मोजले, आपल्याला त्यातला एक रुपया नाही. अशा मालाला कमाल किंमत २६२५ लावा, नाहीतर थेट ३००० च्या पुढचाच माल बनवा.

जोडभावी_पेठ

खालच्या बाजूलाही असाच उंबरठा आहे. एप्रिल २०२५ मध्ये अमेझॉनने कितीतरी वर्गांत ३०० रुपयांच्या आतल्या मालाचं रेफरल शुल्क काढलं होतं. तेव्हा त्या वर्गांत २९९ ला विकणं ३०५ पेक्षा फायद्याचं होतं, कारण ३०५ ला ९ टक्के धरले तरी २७ रुपये जायचे. क्लोजिंग शुल्काचेही असेच टप्पे असतात. हे दर वरचेवर बदलतात, आपल्या पॅनलवरचा ताजा तक्ता बघूनच टाका. सॉफ्टवेअरवाल्याला विचारा, तुमचं यंत्र नफा बघतं की नुसती किंमत? नुसती किंमत बघणारं असा उंबरठा ओलांडून खूश होईल.

अक्कलकोट_रोड

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री आम्ही दोघींनी बसून हिशोबनीस साहेबांचं सूत्र शाळेच्या सामानाला लावलं. एका कंपासपेटीची जी किमान किंमत आली, ती आज पानावर दिसणाऱ्या सर्वात कमी किमतीच्या वर आहे. मग त्या माणसाला परवडतं कसं? आणि आम्ही काय करायचं?

पुस्तकांचा_गठ्ठा

तीन-चार कारणं असू शकतात. तो थेट कंपनीकडून ट्रकभर उचलत असेल. गोदामातला जुना माल मोकळा करत असेल. किंवा रिटर्न न धरता विकत असेल, तसं असेल तर तो एका सीझनपुरताच टिकतो.

तुम्ही त्याच्या मागे जाऊ नका. चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक विक्रेत्याकडे दुर्लक्ष कर असं सांगता येतं. अमुक रेटिंगच्या खालचे, उशिरा पाठवणारे, मोजकाच स्टॉक असणारे, यांना वगळता येतं. पैसे देऊन घ्यायचं असेल तर मला हा एकच गुण महत्त्वाचा वाटतो. फुकटच्या साधनात एवढी बारीक निवड मिळत नाही. आणि किमान किंमतीला पोचल्यावर काय करायचं तेही विचारा. काही तिथेच थांबतात. काहींना ‘किमानच्या खाली जावं लागत असेल तर सरळ कमाल किंमतीला जाऊन बस’ असं सांगता येतं. मी दुसरं वापरतो. समोरच्याचा माल संपतो तेव्हा आपण वरच असतो आणि हळूहळू खाली येत मान मिळवतो.

बाळीवेस_बॉय

एक सुचवू? सोलापुरातले शाळेच्या सामानाचे ऑनलाइनवाले असून असून किती असणार. सगळे एकत्र येऊन एक भाव ठरवू, तोच सगळे सॉफ्टवेअरमध्ये टाकू. भांडणच मिटलं!

कोर्टाच्या_आवारात

मित्रा, हे कृपया करू नका. विक्रेत्यांनी आपसात संगनमत करून भाव ठरवणं हे स्पर्धा कायदा २००२ च्या कलम ३ मध्ये बसतं. सॉफ्टवेअरमधून केलं म्हणून सुटका नाही. अमेरिकेत अमेझॉनवर पोस्टर विकणाऱ्यांनी नेमकं हेच केलं होतं, भाव आपसात ठरवून त्याप्रमाणे अल्गोरिदम लावला. तिथल्या न्याय खात्याने २०१५ मध्ये फौजदारी खटला भरला आणि आरोपीने गुन्हा कबूल केला. स्वतःची किमान किंमत स्वतः ठरवणं ही वेगळी गोष्ट, ती बिनदिक्कत करा.

बाळीवेस_बॉय

बरं झालं सांगितलंत. मागे घेतो.

शेंगाचटणी_घरची

थोडं विषयाला सोडून विचारते. माझी शेंगदाणा चटणी आणि कडक भाकरी आहे, माझ्याच ब्रँडची, एफएसएसएआय परवान्यासह. वर म्हटल्याप्रमाणे मला रिप्राइसरचा उपयोग नाही हे कळलं. पण मुदत जवळ आलेल्या मालाची किंमत आपोआप उतरवणारं काही आहे का?

संगणक_शिक्षक

आहे. बहुतेक साधनांत स्पर्धकाकडे न बघता स्वतःच्या विक्रीकडे बघणारा नियम असतो. अमुक दिवसांत अमुक नग गेले नाहीत तर किंमत इतकी उतरव, असा. अमेझॉनच्या फुकटच्या साधनातही विक्रीवर आधारलेला नियम आहे. टॉवेलच्या अडकलेल्या रंगांनाही हाच लागू पडेल, तेव्हा ताईंनी हेही बघावं. फक्त मुदतीची तारीख त्याला कळत नाही, ती तुम्ही ध्यानात ठेवायची.

नवी_पेठ_निवासी

आणि चटणीची लिंक माझ्या विपुत (विचारपुशीत) टाका. आमच्या घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे सारखे मागतात.

माग_आणि_माणूस

ताई मीशोवर पण विकतात म्हणाल्या. तिथं काय करायचं? तिथं तर भाव बघून पोटात गोळा येतो.

चाटी_गल्ली

मीशोवर विक्रेत्याकडून कमिशन घेत नाहीत, त्यामुळे पडतळ वेगळी येते. तिथला तक्ता वेगळाच मांडा, अमेझॉनचा उचलून चालत नाही. तिथे एक सोय कामाची आहे. फक्त चुकीचा किंवा खराब माल आला तरच परत, अशा अटीवर थोडी कमी किंमत लावता येते. टॉवेलमध्ये रंग आवडला नाही म्हणून परत येणारेच जास्त असतात. तेव्हा रिटर्नचे ३८ रुपये वाचवून त्यातले काही गिऱ्हाईकाला द्या. भाव उतरला तरी मजुरीला हात लागत नाही. दादा, तुम्हाला हे आवडेल.

पण सांभाळून. दुसरीकडे बरंच स्वस्त दिसलं तर अमेझॉन आपला बाय बॉक्स काढून घेऊ शकतं. म्हणून मीशोवर दोनऐवजी तीनचा सेट किंवा वेगळा आकार लावा, म्हणजे तुलना सरळ होत नाही.

पुस्तकांचा_गठ्ठा

परत मूळ प्रश्नाकडे. ताई, कंपनीचा माणूस डेमो द्यायला बसला की आधी हे विचारा: अमेझॉन डॉट इन चालतं का? कारण बऱ्याच नावाजलेल्या साधनांचा सगळा जीव अमेरिका-युरोपच्या बाजारात असतो. किंमत बदलायला किती वेळ लागतो? अमेझॉन आपल्या एपीआयमधून (बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडणाऱ्या सोयीतून) ऑफर बदलल्याची सूचना पाठवतं, ती घेणारं साधन काही मिनिटांत हलतं. ठरावीक वेळाने जाऊन बघणारं मागे पडतं. प्रत्येक बदलाची नोंद दिसते का, कधी, किती, कुठल्या नियमाने? एआयवाल्यांना हा प्रश्न दोनदा विचारा. ‘आतमध्ये ते शिकतं’ एवढंच उत्तर आलं तर मी त्यांना पैसे देणार नाही, माझ्या मालाची किंमत का बदलली हे मला वाचता आलं पाहिजे. आणि बंद करताना काय होतं? आधीच्या किमती परत येतात की शेवटची पडलेली किंमत तशीच राहते?

पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही. खरं साधन सेलर सेंट्रलमधूनच परवानगी मागतं आणि ती तुम्हाला हवी तेव्हा काढून घेता येते. जो फोनवर ओटीपी मागतो त्याला तिथेच नमस्कार करा.

परवडण्याचा हिशोब सोपा आहे. महिन्याची फी, वर कार्डाचं परकीय चलनाचं शुल्क. याला कंपासपेटीमागच्या निव्वळ नफ्याने भागा. जेवढा आकडा येईल तेवढ्या पेट्या त्या सॉफ्टवेअरमुळे जास्त विकल्या गेल्या पाहिजेत. एप्रिल ते जुलै तुमचा सीझन. वर्षाचा करार करू नका, महिन्याने घ्या आणि ऑगस्टमध्ये थांबवा.

हिशोबनीस_सातरस्ता

अनुमोदन. आणि मोजायचं कसं तेही ठरवून ठेवा. निम्म्या वस्तूंना नियम लावा, निम्म्या हातानेच चालू द्या. पोर्टलकडून पैशांचं सेटलमेंट हातात आल्यावर निव्वळ नफा जुळवा. विक्रीचा आकडा बघू नका, सॉफ्टवेअरने तो वाढतोच.

अक्कलकोट_रोड

सगळ्यांचे खूप आभार. आमचं असं ठरलंय. टॉवेल आणि चादरी हातानेच चालतील. पडतळीच्या तक्त्यात कांडी, विणाई आणि शिलाई वेगवेगळ्या रकान्यांत लिहिली आहे, मजुरी वाढली की तिथे आकडा बदलेल. माग_आणि_माणूस दादा, हे तुमच्यामुळे झालं. अडकलेल्या रंगांना विक्रीवर आधारलेला नियम लावून बघणार. शाळेच्या सामानातल्या निम्म्या वस्तूंना अमेझॉनचं फुकटचं साधन, किमान आणि कमाल दोन्ही टाकून. सीझनच्या आधी त्याची मजल कळली की मग पैसेवाल्यांपैकी एकाचा महिनाभर करार, विक्रेते वगळण्याची सोय ज्याच्यात असेल त्याचा.

एक शंका राहिली. नियम चालू असताना नणंदेने हाताने किंमत बदलली तर कुणाचं चालतं?

जोडभावी_पेठ

नियमाचं. तुम्ही बदललेली किंमत पुढच्या हालचालीला पुसली जाते. हाताने बदलायची असेल तर आधी त्या वस्तूचा नियम थांबवा, मग बदला. नणंदबाईंना हे आजच सांगून ठेवा.

शेंगाचटणी_घरची

लिंक विपुत टाकली आहे. ताई, तुमच्या तक्त्याची कोरी प्रत मिळेल का? तीन रकाने वाढवून चटणीला वापरीन म्हणते.

अक्कलकोट_रोड

नक्की. आकडे काढून आज रात्री पाठवते. रिटर्नच्या रकान्यात बाटली फुटण्याचं वेगळं धरा.